तारकर्लीहून मालवणला जाऊन केलेला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास, माझा अनुभव

क्लास संपून पंधरा दिवस झाले, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. आमच्याकडे हॉटेलं, थाळ्या, स्कूबा यांच्यावर लोक भरभरून लिहितात पण आपल्याच गावातला क्लास कसा आहे हे कोणी लिहीत नाही, सगळं तोंडातोंडी चालतं आणि तीन हजार सहाशे रुपये भरायचे म्हणजे आधी थोडं कळलेलं बरं असतं. क्लास मालवणात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर भरतो. नाव मी लिहीत नाहीये कारण खाली दोन-चार तक्रारी पण आहेत आणि शिकवणाऱ्या माणसाला माझ्यामुळे त्रास झालेला मला आवडणार नाही. तीन महिने, आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात.

मी तारकर्लीला होमस्टे चालवते, चार खोल्या आहेत, जेवण मी आणि सासूबाई बघतो, बाकी बुकिंग, मेसेज, मेल हे सगळं माझ्याकडे. इंग्रजी मला येत नाही असं नाही, दहावीपर्यंत व्याकरण पाठ केलेलं, पाहुण्यांशी बोलताना कधी अडलं नाही. पण मागच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी एक गोष्ट झाली आणि तेव्हा ठरवलं की आता नीट शिकायचं. बाहेरच्या देशातलं एक जोडपं आणि त्यांचे मित्र, तीन खोल्या, चार रात्री, सप्टेंबरच्या मधल्या आठवड्याचं बुकिंग होतं. त्यांनी विचारलं की सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची होडी आणि स्कूबा चालू आहे का. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं हे आपल्याला माहितीच आहे, आणि मला सांगायचं होतं की तीन महिने बंद आहे, आता सुरू होईलच. मी लिहिलं, "इट इज क्लोज्ड फॉर थ्री मंथ्स." पुढचं वाक्य लिहिलंच नाही कारण मला वाटलं कळेल की. त्यांनी वाचलं की आजपासून पुढचे तीन महिने बंद! बुकिंग कॅन्सल केलं आणि गोव्याला गेले. मला कारण कळलं ते त्यांच्या शेवटच्या मेसेजमधून, त्यात अगदी सभ्यपणे लिहिलेलं की होडी डिसेंबरपर्यंत बंद असेल तर आम्ही पुढच्या वेळी येऊ. तो मेसेज मी कितीतरी वेळा वाचला. खोटं काही लिहिलं नव्हतं, स्पेलिंग चुकलं नव्हतं, फक्त काळ चुकला होता आणि त्यात बारा रूम नाइट गेल्या.

तर या वर्षी जुलैत क्लास लावला. पहिल्याच दिवशी सरांनी नाऊन प्रोनाऊन काही काढलं नाही. बाहेर धो धो पाऊस, सरांनी फळ्यावर मराठीत लिहिलं, "सकाळपासून पाऊस पडतोय", आणि सगळ्यांना म्हणाले इंग्रजीत सांगा. अठरा जण होतो, स्कूबाचे दोन मुलगे, किल्ल्यावर गाईडचं काम करणारा एक, मेडिकलवाले काका, एक नर्स जिला बाहेर नोकरीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचीय, दोन शिक्षिका, बाकी कॉलेजची पोरं. बहुतेक सगळ्यांनी एकच सांगितलं, "इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग." सर चूक म्हणाले नाहीत. म्हणाले की हे वाक्य तुम्ही कसं बनवलंत ते सांगा. मग एकेकाकडून काढून घेतलं की पडतोय म्हणजे इज रेनिंग, सकाळपासून म्हणजे सिन्स मॉर्निंग, झालं. तेव्हा ते म्हणाले, "तुमचं मराठी बरोबर आहे म्हणून इंग्रजी चुकतंय." हे मला फार पटलं, कारण इतकी वर्षं आम्हाला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं की तुमचं लक्ष नसतं, पाठांतर नाही, आणि इथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की चूक कुठून येते.

मराठीत काय होतं, की "पासून" हा एक शब्दच सगळं ओझं उचलतो. सकाळपासून म्हटलं की सुरुवात कळली, आणि क्रियापद बिचारं फक्त आत्ता चालू आहे एवढंच सांगतं, पडतोय, राहतोय, चालवतोय. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे सिन्स लावलं तरी क्रियापदाला पण मागे पोचावं लागतं आणि त्याच वेळी आजचं पण धरून ठेवावं लागतं. म्हणून हॅज बीन रेनिंग. हॅज आजचा, बीन मागचा, आणि आयएनजी म्हणजे अजून थांबलेलं नाही. शाळेत हेच प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस म्हणून तक्त्यात पाठ केलेलं, पण तो तक्ता आपल्या कुठल्या मराठी वाक्याच्या जागी वापरायचा हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग सिन्स आणि फॉर. हे सगळ्या क्लासमध्ये शिकवतात, पॉइंट ऑफ टाइम आणि पिरियड ऑफ टाइम, मला पण तोंडपाठ होतं तरी बोलताना "सिन्स टू इयर्स"च यायचं. कारण परत तेच, मराठीत सोमवारपासून पण पासून आणि दोन वर्षांपासून पण पासून. सरांनी होडीचं उदाहरण दिलं. नांगर टाकला ती जागा म्हणजे सिन्स, आणि नांगरापासून होडीपर्यंत किती दोर सुटलाय ती लांबी म्हणजे फॉर. नांगर हलत नाही, दोर वाढत जातो. आमच्यातल्या निम्म्या लोकांची घरं होड्यांवर चालतात, एका क्षणात डोक्यात बसलं.

पण त्याहून उपयोगी मला त्यांनी सांगितलेली दुसरी युक्ती वाटली, ती मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते कारण क्लास न लावता पण कोणालाही वापरता येईल. "पासून"चं वाक्य आलं की आधी मराठीतच ते "गेली अमुक" किंवा "अमुक झाली" असं फिरवून बघायचं. दोन वर्षांपासून, फिरवलं, गेली दोन वर्षं, दोन वर्षं झाली. बरोबर बसतं, म्हणजे फॉर. सोमवारपासून, फिरवा बघू, "सोमवार झाला" असं म्हटलं तर अर्थच बदलतो, म्हणजे सिन्स. लग्नापासून, नाही फिरत, सिन्स. महिन्याभरापासून, गेला महिनाभर, फॉर. मी महिनाभर भाजी चिरताना हेच करत होते, कुठलंही वाक्य घ्यायचं आणि फिरवायचं. सासूबाईंनी विचारलं पण की काय पुटपुटतेस गो, त्यांना सांगितलं तर त्या पण सांगायला लागल्या, पन्नास वर्षांपासून, फॉर! लहानपणापासून, सिन्स!

याच्यातच एक बारीक गोष्ट माझ्या माझ्या लक्षात आली. सिन्सचं वाक्य कधीच शिळं होत नाही. आमच्या फाटकाच्या पाटीवर "सर्व्हिंग गेस्ट्स फॉर टेन इयर्स" असं लिहिलेलं होतं, २०२१ मध्ये रंगवलेली पाटी, ती दुसऱ्याच वर्षी चुकीची झाली आणि आम्ही बघितलंच नाही. आता "सिन्स २०११" करून घेतलंय, परत रंगवायला नको.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपापल्या आयुष्यातली पाच वाक्यं आणायची असं होतं, आणि माझ्या मते या क्लासचं खरं मोल इथे आहे. पुस्तकातलं जॉन आणि मेरी काही नाही. नर्स म्हणाली, "आय अ‍ॅम वर्किंग इन धिस हॉस्पिटल सिन्स फोर इयर्स", आणि आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत सुरुवातीलाच घर, काम, शिक्षण याबद्दल विचारतात, म्हणजे पहिल्याच उत्तरात हे वाक्य येणार. तिने ते तिथेच पंचवीस वेळा म्हटलं असेल, आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स. स्कूबावाला मुलगा, आय हॅव बीन डायव्हिंग फॉर फाइव्ह इयर्स. तो म्हणाला मी गेस्टना "आय अ‍ॅम डायव्हिंग फाइव्ह इयर्स" सांगायचो आणि ते घाबरल्यासारखे बघायचे. घाबरणारच, पाण्यात उतरायच्या आधी माणूस अनुभवच विचारतो ना.

मासेमारी बंदीचं एक वाक्य त्यांनी दिलेलं, ते मला फार आवडलं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, आणि क्लास चालू होता तेव्हा बंदी चालूच होती. पाहुणा जुलैत विचारतो की ताजा मासा कमी का, तर सांगायचं, द बॅन हॅज बीन ऑन सिन्स फर्स्ट जून अँड इट विल गो ऑन टिल थर्टी फर्स्ट जुलै. एका वाक्यात मागचं टोक सिन्सने बांधलं आणि पुढचं टोक टिलने. मी हे वाक्य स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलंय.

टिलवरून आठवलं, "पर्यंत"चा घोळ. हा मला माहीतच नव्हता, म्हणजे घोळ आहे हेच माहीत नव्हतं. मराठीत नऊपर्यंत गरम पाणी मिळेल आणि नऊपर्यंत पैसे भरा, दोन्हीकडे पर्यंत. इंग्रजीत पहिल्याला टिल, कारण तोवर ते सतत चालू आहे, आणि दुसऱ्याला बाय, कारण त्या वेळेच्या आत एकदा व्हायला हवं. मी बाथरूमच्या दारावर "हॉट वॉटर बाय नाइन ए.एम." लिहिलं होतं. सकाळी सहाला आंघोळ करून सिंधुदुर्ग बघायला जाणारी माणसं, ती बिचारी नऊ वाजेपर्यंत पाण्याची वाट बघत बसायची, कारण त्यांनी वाचलं की नऊच्या सुमाराला येईल! एकदा एका आजोबांनी दहाला विचारलं की पाणी आलं का, तेव्हा बंब केव्हाच थंड झालेला. मला तेव्हा वाटलेलं की वाचत नाहीत लोक. वाचत होते, मीच चुकीचं लिहिलं होतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता सगळ्यात अवघड भाग, फॉर आणि साधा वर्तमानकाळ. बहुतेक पुस्तकं सांगतात की फॉर आलं की परफेक्ट लावा. ते अर्धंच आहे. पाहुणे दारात उतरतात आणि म्हणतात, "वी आर हिअर फॉर फोर डेज." मी वर्षानुवर्षं याचा अर्थ घेत होते की चार दिवस झाले इथे येऊन, आणि मनात म्हणायची की बुकिंग तर आजपासून आहे, मग चार दिवस कुठे राहिले असतील. त्यांना म्हणायचं असतं की एकूण चार दिवस राहणार आहोत. चार दिवस झाले असतील तर ते "वी हॅव बीन हिअर फॉर फोर डेज" म्हणतील. म्हणजे आर असेल तर दोर पुढे सुटलेला, हॅव बीन असेल तर मागे. हाच फरक माझ्या तीन महिने बंदच्या मेसेजमध्ये होता. इज क्लोज्ड फॉर थ्री मंथ्स, दोर पुढे. हॅज बीन क्लोज्ड फॉर थ्री मंथ्स, दोर मागे. सरांनी फळ्यावर हे दोन्ही एकाखाली एक लिहिलं तेव्हा मी ती गोष्ट वर्गात सांगितली, आणि सर थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले ताई हे वाक्य आता दर बॅचला सांगणार. पाहुण्यांना विचारताना पण तसंच, हाऊ लाँग आर यू हिअर फॉर म्हणजे किती दिवस राहणार, हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर म्हणजे येऊन किती दिवस झाले. होमस्टेवाल्यांनी एवढी दोन वाक्यं जरी पक्की केली तरी खूप आहे.

या वर्षी ऑगस्टच्या शेवटी परत तसाच प्रश्न आला, दुसऱ्या कोणाचा तरी. मी लिहिलं, द बोट्स हॅव बीन क्लोज्ड फॉर द मॉन्सून, दे विल स्टार्ट अगेन इन सप्टेंबर. पाठवायच्या आधी चार वेळा वाचलं. ते आले, राहिले, होडीने किल्ल्यावर पण गेले.

उलट बाजू पण आहे. आम्ही लग्नानंतर आठ वर्षं डोंबिवलीला होतो, मग यांनी नोकरी सोडली आणि इथे आलो. मी पाहुण्यांना सांगायची, "वी हॅव लिव्हड इन डोंबिवली फॉर एट इयर्स", आणि एक बाई म्हणाल्या मग हे घर कोण बघतं तुमच्या मागे? मला कळेचना. हॅव लिव्हड म्हटलं की अजून तिथेच राहतो असं ऐकू जातं. संपलेली गोष्ट असेल तर हॅव टाकून द्यायचं, वी लिव्हड इन डोंबिवली फॉर एट इयर्स. मराठीत होतो आणि आहोत एवढ्यावर भागतं. इंग्रजीत त्या एका हॅवने गाव बदलतं.

मग असणं, माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं असली क्रियापदं. यांना चालू असलं तरी आयएनजी लागत नाही. वी आर हॅविंग फोर रूम्स, हे आपण सगळेच म्हणतो, मी पण म्हणायची. वी हॅव फोर रूम्स. आणि किती वर्षं आहे हे सांगायचं तर वी हॅव हॅड धिस बोट फॉर सिक्स इयर्स. हॅव हॅड ऐकून सगळा वर्ग म्हणाला की सर दोनदा झालं, चुकलं. चुकलं नाही, पहिला हॅव काळाचा आणि दुसरा मालकीचा. हे पचायला दोन दिवस गेले. आय हॅव नोन हिम सिन्स स्कूल हे त्यामानाने सोपं गेलं.

किल्ल्यावरचा गाईड मुलगा आमच्यात सगळ्यात हुशार, इतिहास त्याला तोंडपाठ पण सगळं एकाच काळात सांगायचा. सरांनी त्याच्याकडून सिंधुदुर्गाची माहिती तीन ढिगात वाटून घेतली. साल आलं आणि गोष्ट संपली की साधा भूतकाळ, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये काम सुरू केलं, १६६७ ला पूर्ण झालं, इथे हॅज लावायचंच नाही, साल आणि हॅज एका वाक्यात बसत नाहीत, सिन्स असेल तरच. तेव्हापासून आजपर्यंत उभा आहे, द फोर्ट हॅज स्टुड इन द सी सिन्स १६६७, आणि इथे स्टँडिंग नको कारण इतकं कायमचं आहे की चालू आहे म्हणायची गरज नाही. आणि आज जे आहे ते साध्या वर्तमानात, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना चारी बाजूंनी खारं पाणी असून गोडं पाणी लागतं. आतमध्ये राहणाऱ्या घरांबद्दल, सम फॅमिलीज हॅव लिव्हड हिअर फॉर जनरेशन्स. त्याने दुसऱ्या दिवशी पूर्ण दहा मिनिटांची माहिती न अडखळता सांगितली आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते, कारण किल्ला रोज दिसतो पण त्याची माहिती इतक्या सरळ इंग्रजीत मी पहिल्यांदा ऐकली.

"अजून"वर एक पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. अजून पाऊस पडतोय, स्टिल. अजून होडी आली नाही, येट. अजून एक पोळी वाढू का, हे तिसरंच. आणि दोन वर्षांपूर्वीला "बिफोर टू इयर्स" नाही, टू इयर्स अगो, हे बहुतेकांना माहीत असतं तरी तोंडात बिफोरच येतं. हे "आलो आलो" म्हणत अजून विहिरीपाशीच असतात, त्याचं इंग्रजी आय हॅव कम नाही, कमिंग एवढंच.

आता तक्रारी. अठरा जण एका खोलीत म्हणजे जास्त होतात. एकेका बाकावर तीन-तीन जण, पंखे दोनच, आणि बोलायची वेळ प्रत्येकाला पाच मिनिटं पण मिळत नाही. बॅच बाराची करावी आणि हवी तर फी थोडी वाढवावी, मी तरी देईन. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स आहेत, काही पानांवर शेवटच्या ओळीच नाहीत, चाळिशी लागलेल्या माणसाला वाचवत नाहीत. गणपतीत दहा दिवस क्लास बंद होता, ते समजू शकते, घरोघरी मुंबईकर आलेले असतात, पण नंतर भरून काढताना शेवटच्या दोन आठवड्यांत पास्ट परफेक्ट आणि भविष्यकाळ अक्षरशः पळवला. कालपासून वाट बघत होते, मग ते आले, असल्या वाक्यांना हॅड बीन लागतं एवढंच कळलं, सराव झालाच नाही.

आणि एक शिकवण्याबद्दलची. चाचणीत "आय हॅव लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स" याला सरांनी चूक दिली, हॅव बीन लिव्हिंगच हवं म्हणून. नर्सच्या पुस्तकात दोन्ही बरोबर दिलेलं, राहणं आणि काम करणं यात दोन्ही चालतात, अर्थात फारसा फरक नाही. तिने दाखवलं तर सर आधी मानेनात, पण दुसऱ्या दिवशी येऊन स्वतः फळ्यावर लिहिलं की माझं चुकलं, दोन्ही बरोबर, आणि सगळ्यांचे मार्क वाढवून दिले. यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. तसंच जस्ट आणि ऑलरेडीबरोबर नेहमी हॅव हवंच असं शिकवलं, पण माझ्याकडे येणारे अमेरिकन पाहुणे सर्रास "आय ऑलरेडी एट" म्हणतात, आणि त्यांच्याकडे ते बरोबरच आहे, ब्रिटिश पद्धतीत आय हॅव ऑलरेडी ईटन म्हणतात. हे सांगायला हवं होतं, नाहीतर आपण पाहुण्यालाच चुकीचं समजू.

कोणाला उपयोग होईल? ज्यांना अगदी एबीसीडीपासून सुरुवात करायचीय त्यांना हा क्लास जड जाईल, कॉलेजच्या दोन मुली पंधरा दिवसांत सोडून गेल्या. ज्यांना इंग्रजी येतं पण रोज पाहुणे, पेशंट, गिऱ्हाईक यांच्याशी बोलायचंय आणि आपलं नेमकं कुठे बिघडतं ते कळत नाही, त्यांनी डोळे मिटून लावावा. "इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग" आपल्या देशात सगळ्यांना कळतं, मुंबईच्या पाहुण्याला तसं बोललात तर काही अडत नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे सरांनी पण पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण लिहून पाठवलेल्या मेसेजला चेहरा नसतो, समोरच्याला विचारता येत नाही, तिथे हे यायलाच हवं.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक स्टार गर्दी आणि नोट्ससाठी कापला.

पुढची बॅच दिवाळीनंतर सुरू होतेय असं सरांनी सांगितलं. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, बाजाराच्या दिवशी तर अजिबात नाही, स्कूटर लांब लावून चालत यावं लागतं. सात वाजता सुटल्यावर देवबागकडे जायला रिक्षा पटकन मिळत नाही, आम्ही तिघी मिळून परतीची रिक्षा ठरवली होती, तारकर्ली-देवबागच्या कोणी बायका लावणार असतील तर तसंच आधी ठरवून घ्या. वही दोनशे पानी घ्या, शंभर पानी मला पुरली नाही.